मागच्या कोपऱ्यातल्या फळ्या

त्या वर्षी मार्चपासून आमच्या घरात जेवताना एकच विषय असे. अकरा पाणमांजरांपैकी सहा गेली कुठे?

माझी सून अनघा पाणमांजरांवर काम करते. सिंगापूरच्या वायव्य टोकाला लिम चू कांगचा धक्का आहे. तिथून होडीने दहा मिनिटं आत गेलं की मासे वाढवणाऱ्यांचे तराफे लागतात. प्लास्टिकच्या पिंपांवर फळ्या ठोकलेल्या, फळ्यांच्या मधल्या चौकोनात जाळी सोडलेली आणि जाळ्यात मासे. समोर मलेशियाचा किनारा, मागे आपल्याकडच्यासारखंच कांदळवन. आदल्या वर्षी तिथे अनघाला अकरा जणांचं एक कुटुंब दिसलं होतं. या वर्षी कांदळवनात लावलेल्या कॅमेऱ्यात पाचाच्या वर आकडा जाईना. आणि को अंकल म्हणून एका म्हाताऱ्याच्या तराफ्यावर, जिथे ती पूर्वी हटकून यायची, तिथे तर शून्य.

"म्हाताऱ्याने पाण्यात काहीतरी टाकलं असणार," प्रसन्न म्हणाला. प्रसन्न माझा मुलगा. जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डात इंजिनीयर आहे. "त्याचे मासे खातात ना ती?"

"पुरावा नाही," अनघा म्हणाली. "पण डॉक्टर गोह पण तेच म्हणतायत."

डॉक्टर गोह म्हणजे तिच्या वरच्या बाई.

"को अंकल तसो माणूस नाय," मी म्हटलं. घरात मी सगळ्यांशी नीट पुस्तकी बोलते, पण रागात आणि प्रसन्नशी बोलताना मालवणी येते.

"आये, तुका दोन महिन्यांत माणूस कळलो?" प्रसन्न हसला.

दोन महिने खरंच झाले होते. त्याआधी बुकित बातोकला, प्रसन्नच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात, दिवसभर मी एकटी. सकाळी सातला सगळे बाहेर पडत आणि मी खिडकीत बसून खाली बसेस मोजत असे. अनघाच एकदा म्हणाली, "आई, माझ्याबरोबर चला ना. को अंकलकडे बसा. तुम्हाला खाडी आवडेल." प्रसन्न तेव्हा म्हणाला होता, "आये, तू थंय जावन काय करतलंस?"

"बसान रवतलंय," मी म्हटलं.

पण मला बसता येत नाही. देवबागला माझ्या वडिलांची होडी होती. कर्लीच्या खाडीत ते जाळं लावत आणि घरातल्या बायका ते सांधत. आठव्या वर्षी माझ्या हातात सुई आली ती लग्नापर्यंत सुटली नाही, आणि लग्नही गावातच, खाडीकाठच्या घरात झालं. त्यामुळे को अंकलकडे पहिल्याच दिवशी कोपऱ्यात फाटलेलं जाळं पडलेलं दिसलं तेव्हा मी ते मांडीवर ओढून घेतलं. ते तोंडात काडी धरून बघत उभे राहिले. वय शहात्तर, अंगात फक्त अर्धी चड्डी, खांद्यावर टॉवेल, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मी तिसरी गाठ मारली तसे ते वाकले.

"हू टीच यू, आंटी?"

"माय फादर."

त्यांनी मान डोलवली. आत जाऊन कॉफी करून आणली, दुधाच्या डब्यातलं गोड घट्ट दूध घातलेली. तेव्हापासून आमचं जमलं. त्यांचं इंग्रजी निम्मं चिनी आणि माझं चौथा हिस्सासुद्धा नाही. पण मासा दाखवला की नाव सांगायचं, हा खेळ दोघांनाही येत होता. त्यांच्या जाळ्यात असायचा तो चोणक. ते सी बास म्हणत. बाहेरून शेवटे नावाचे मासे यायचे, पिंपांवरचं शेवाळ खायला.

आठवड्यातून तीन दिवस आम्ही जात असू. क्रम ठरलेला होता. ओहोटी सकाळची असली की अनघा मला साडेसातला तराफ्यावर उतरवी आणि स्वतः होडीने कांदळवनात जाई. चिखलात गुडघाभर हिंडून, कॅमेरे तपासून दुपारी एकला परत येई. मग को अंकलच्या तराफ्यावर चक्कर मारी, वहीत लिही आणि आम्ही डबा खात असू.

दुसऱ्याच दिवशी मला तो वास आला. मागच्या कोपऱ्यात, सहाव्या जाळ्यापाशी, फळ्यांवर काळपट चिकट घाण पडलेली. तिच्यात खवले चमकत होते, बारीक काटे होते. कुणाची ते मला सांगायला नको होतं. आमच्या खाडीत ऊद होते, म्हणजे हीच पाणमांजरं, मोप. सकाळी होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, असंच करून ठेवायचे आणि माझी आई शिव्या घालत नारळाच्या करवंटीने खरवडायची. मी को अंकलच्या दारामागचा खराटा घेतला, बालदी खाडीत सोडली आणि कोपरा धुऊन काढला. मग वाटलं, एवढंच कशाला? पुढचंही धुतलं. को अंकल हसत होते. "वा, आंटी. हॉटेल, लाह!" इथे वाक्याच्या शेवटी सगळे असं लाह नाहीतर मेह लावतात.

तेव्हापासून तो माझा नेम झाला. होडीतून उतरलं की पहिलं काम फळ्या.

यामागे आणखी एक गोष्ट होती, ती कुणाला सांगितली नव्हती. अनघा पुण्याची. लग्नानंतर पहिल्यांदा देवबागला आली तेव्हा अंगणात सुकट घातलेली होती. बिचारीने नाकाला रुमाल लावला नाही, पण श्वास रोखून धरला होता. डोळ्यांत पाणी आलं, तरी "छान आहे घर" म्हणाली. त्या दिवसापासून मी तिच्यासमोर वास येऊ देत नाही. मासे तळले की चारही खिडक्या उघडते, ओटा दोनदा पुसते, हातांना लिंबू चोळते. शाळेत मास्तर मला दाराशी बसवायचे, वासाची पोर म्हणून. ते कुणी विसरत नाही. मला वाटे, ही पोर पाच तास चिखलात काम करून येते, वर हिने हे कशाला बघावं?

ती यायची तेव्हा फळ्या वाळून पांढऱ्या झालेल्या असायच्या. ती सरळ मागच्या कोपऱ्यात जाई, वाके, फळ्यांच्या फटीत बघे आणि उठे.

"आजही नाही," ती म्हणे.

मला वाटे, जनावर दिसलं नाही म्हणून म्हणते.

मेच्या सुरुवातीला पश्चिमेकडून, सुमात्राच्या बाजूने वादळं यायला लागली. पहाटे काळा ढग येई, तासभर झोडपे आणि आठपर्यंत ऊन. अशा एका सकाळी तराफ्यावर पोचलो तर को अंकलचं ताडपत्रीचं छप्पर अर्धं फाटून लोंबत होतं आणि तिसऱ्या जाळ्याचा एक दोर तुटला होता. त्यांचा कामगार सुट्टीवर. ते एकटेच जाळं वर ओढत होते. शेवाळ आणि कालवं धरून जाळं इतकं जड झालेलं की त्यांच्या दंडाच्या शिरा दोरासारख्या दिसत होत्या. मी दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, पाय फळीला रेटले आणि ओढलं. अनघासुद्धा थांबली. तिघांनी हातभर हातभर करत जाळं वर घेतलं, बांबूने झोडून कालवं पाडली आणि दोर बांधला. माझ्या तळहातांची सालं गेली. को अंकलनी त्यावर कसलंसं हिरवं तेल चोळलं. ते मिरचीसारखं झोंबलं.

"यू स्ट्राँग," ते म्हणाले.

"यू ओल्ड," मी म्हटलं. तेवढं इंग्रजी मला येत होतं. अनघा इतकी हसली की खाली बसली.

परतताना होडीत तिने वही पिशवीत घातली. मग म्हणाली, "आई, डॉक्टर गोह शुक्रवारी येणार आहेत. को अंकलना विचारायला. त्यांनीच काही केलं असं रिपोर्टमध्ये गेलं तर त्यांच्या लायसन्सवर प्रश्न येईल."

"मग तू सांग ना त्यांना, माणूस चांगला आहे म्हणून."

"माणूस चांगला आहे हे मोजता येत नाही, आई. माझ्याकडे दोन महिने शून्य आहे."

शुक्रवार दोन दिवसांवर होता. बुधवारी संध्याकाळी मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तिथे अनघाचा निळा डबा असतो. "आई, त्याला हात लावू नका हं, त्यात केमिकल आहे," असं तिने आल्या आल्या सांगितलेलं. मी कधी लावला नाही. त्या दिवशी काठी निसटली आणि डबा पडून उघडला. आत छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीवर तारीख. तारखा सगळ्या जुन्या. पिशव्यांत वाळलेले खवले, काटे, काळपट चुरा.

माझी नात ईशा, दहा वर्षांची, मागे येऊन उभी राहिली.

"आजी! मम्मा विल किल यू."

"हे काय आहे गं?"

"ऑटर पूप, लाह!"

"म्हणजे?"

"शी, आजी. पाणमांजराची शी. मम्मा ते काउंट करते ना. जिथे जास्त, तिथे ऑटर्स जास्त. यू डोन्ट नो, मेह?"

मी खाली बसले. पिशव्या गोळा करायला लागले. एकेका तारखेवर बोट ठेवलं. ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी. मी तराफ्यावर यायला लागले मार्चच्या सुरुवातीला. त्यानंतरची एकही पिशवी नव्हती.

त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, धीर झाला नाही. जेवताना अनघा म्हणाली, "आई, तुम्ही काहीच घेतलं नाहीत." मी म्हटलं, भूक नाही. गुरुवारचा अख्खा दिवस मी मनात वाक्यं जुळवत होते. शिकलेल्या सुनेचं दोन महिन्यांचं काम आपण खराट्याने झाडून पाण्यात टाकलं, हे कुठल्या शब्दांत सांगतात?

शुक्रवारी होडीत डॉक्टर गोह होत्या. बारीक, केस कापलेले, पायात मोठे रबरी बूट. माझ्याकडे बघून छान हसल्या. तराफ्यावर उतरल्या आणि लगेच कामाला लागल्या. को अंकलशी चिनीत बोलत होत्या, पण बोलण्याचा सूर कुठल्याही भाषेत कळतो. आधी ते काडी चावत उत्तरं देत होते. मग काडी काढली. मग त्यांचा आवाज चढला. त्यांनी जाळ्यांकडे हात केला, स्वतःच्या छातीवर थाप मारली आणि होडीकडे बोट दाखवलं. म्हणजे निघा.

"काय म्हणाले?" मी अनघाला विचारलं. इतक्या वर्षांत तिला चिनी थोडीफार कळते.

"म्हणाले, चाळीस वर्षं ही जनावरं माझे मासे खातात, मी एक दगड मारलेला नाही." तिचा चेहरा उतरला होता. "आणि आता परत यायचं नाही, म्हणाले. कुणीच."

मी तोवर सवयीने खराटा हातात घेतला होता. तो हातात आहे हे मला तेव्हाच कळलं. तसाच खराटा धरून मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"आय वॉश," मी म्हटलं.

डॉक्टर गोह वळल्या. "सॉरी, आंटी?"

"आय वॉश. एव्हरी डे. मॉर्निंग. ऑल." मी मागचा कोपरा दाखवला आणि खराट्याने कसं धुते ते करून दाखवलं, फळीवर, खसाखस. "ऑटर कम. ऑटर शी. आय वॉश. अनघा कम. नथिंग."

मग अनघा मराठीत म्हणाली, "आई, रोज?"

"तू मला उतरवून गेलीस की लगेच."

"तुम्हाला माहीत होतं ते कुणाचं आहे?"

"ऊद मला कळत नाहीत होय? तू ते मोजतेस हे माहीत नव्हतं. तू केमिकल म्हणालीस."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, रडते. डॉक्टर गोहना तिने भराभरा इंग्रजीत सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, नाकाचा शेंडा चिमटीत धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. दोन महिने पाण्यात गेले होते, त्यांचंही खरं होतं. मग त्या को अंकलकडे वळून काहीतरी हळू बोलल्या आणि कमरेत वाकल्या. को अंकल माझ्याकडे बघत होते.

"यू नेव्हर टेल," मी त्यांना म्हटलं. म्हणजे मी धुते हे तुम्ही तरी सांगायचं.

"नोबडी आस्क," ते म्हणाले. "आय थिंक गर्ल लुक फॉर टीथ मार्क." मग काडी परत तोंडात गेली. "बिफोर, माय वाइफ वॉश, इव्हिनिंग. फोर मंथ शी डाय, नोबडी वॉश. यू वॉश. आय हॅपी. व्हाय आय टेल?"

त्यांची बायको गेल्याचं मला त्या दिवशी कळलं.

परतीच्या होडीत अनघा माझ्याशेजारी बसली. डॉक्टर गोह पुढे, पाठ करून.

"मी तुम्हाला सांगायला हवं होतं," अनघा म्हणाली. "मला लाज वाटली. एवढं शिकून सून काय करते, तर शी गोळा करते. तुम्ही इतक्या स्वच्छ. ओटा दोनदा पुसता. मला वाटलं, तुम्हाला किळस येईल."

"मला?" मी म्हटलं. "अगं, मी तुझ्यासाठी धूत होते. तुला वास सहन होत नाही म्हणून."

"मला कुठला वास सहन होत नाही?"

"देवबागला श्वास धरून उभी होतीस ती."

"आई, मला तेव्हा दिवस गेलेले होते. ईशा होती पोटात. मला साखरेचासुद्धा वास सहन होत नव्हता. तिसरा महिना लागल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही असं आमच्या आईने बजावलं होतं."

अकरा वर्षं. मी खिडक्या उघडत होते आणि ही केमिकल म्हणत होती. आम्ही दोघी हसायला लागलो ते धक्क्यापर्यंत. डॉक्टर गोहनी एकदा मागे वळून पाहिलं. त्यांना हसू आलं नाही, पण रागही उतरला असावा, कारण उतरताना त्यांनी मला हात दिला.

घरी गेल्यावर अनघा रिपोर्टचा तक्ता घेऊन बसली. त्यात प्रत्येक शून्यापुढे कारणाचा रकाना होता. तिने लिहिलं, जागा धुतली गेल्यामुळे नोंद ग्राह्य नाही.

"कोणी धुतली ते लिही," मी म्हटलं.

"गरज नाही, आई."

"आहे. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, म्हाताऱ्यानेच धुतली, लपवायला. माझं नाव घाल. पूर्ण घाल. कुमुद आणि आडनाव."

तिने घातलं. चोवीस ओळींत चोवीस वेळा. माझं नाव आयुष्यात इतक्या वेळा कुठे लिहिलं गेलं नव्हतं. प्रसन्न म्हणाला, "आये, तू सायन्सात गेलंस!"

पुढच्या मंगळवारी को अंकलकडे गेलो तेव्हा मी दोन डबे भरून नेले होते. येऊ देतील की नाही, याची धाकधूक होतीच. ते तराफ्याच्या काठाशी दोर घ्यायला आले. म्हणजे दिलं येऊ.

तराफ्यावर बघते तर मागच्या बाजूला, पाचव्या आणि सहाव्या जाळ्याच्या मध्ये, त्यांनी फळ्यांवर आडवी पट्टी ठोकलेली. लाल रंग अजून ओला होता. एका बाजूला बोट दाखवून म्हणाले, "आंटी." दुसऱ्या बाजूला दाखवून म्हणाले, "ऑटर." वर छपराच्या खांबाला कॅमेरा बांधायलाही परवानगी दिली. पूर्वी देत नव्हते, कारण ते तिथे अंघोळ करत. आता अंघोळीची जागा आंटीच्या बाजूला आली होती आणि तिला गोणपाटाचा आडोसा केलेला होता.

तिसऱ्या आठवड्यात कॅमेऱ्यात आठ मोजली गेली, एकाच रांगेत. अकराची आठ झाली हे खरं. तीन कुठे गेली ते अनघाला अजून शोधायचं आहे आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसतं. पण शून्य नव्हतं. पिशव्यांवर नव्या तारखा पडायला लागल्या. पट्टीपलीकडे गुडघ्यांवर बसून ती चिमट्याने उचलायची, नाकाशी धरायची आणि मला हाक मारायची.

"आई, हे कधीचं असेल?"

मीही वाकून वास घ्यायची. "आज पहाटेचं. शेवटा खाल्लाय. हा बघ खवला. आणि हा मोठा चोणकाचा."

"चोणक किती?"

"दहात चार ठिकाणी."

को अंकलना कळलं तेव्हा ते ओरडले, "आय टोल्ड यू! दे ईट माय फिश! फोर!" आणि जिंकल्यासारखे सगळ्यांना कॉफी करायला गेले.

माझ्यासाठी कठीण काय होतं, तर पट्टीपाशी खराटा थांबवणं. अलीकडे लखलखीत आणि पलीकडे ती रास, दिवसेंदिवस वाढणारी, ऊन लागून वास मारणारी. हात आपोआप पुढे जाई. तीन आठवडे मी जाऊ दिला नाही.

मग एका गुरुवारी होडीतून उतरले तर त्या जनावरांनी पट्टी ओलांडलेली. माझ्या बाजूला, अगदी मधोमध, को अंकलच्या खुर्चीसमोर, ताजं, ओलं, वाफ निघेल असं. को अंकल खुर्चीत बसून कॉफी पीत होते आणि मी काय करते ते बघत होते.

अनघाची होडी वळली होती. मी खराटा फळीला टेकवला, काठावर गेले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून देवबागला मारायची तशी हाक मारली. होडी थांबली.

"काय झालं, आई?" ती तिकडून ओरडली.

"परत ये गो," मी ओरडले. "आधी मोजून घे. मग धुते."